लाईव्ह जायचंय ना ताई, मग एफडी कशाला मोडताय

या वेळचं पत्र काळाचौकीहून आलंय. ताई ४७ वर्षांच्या, चाळीत दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत गेली वीसेक वर्षं शिवणक्लास चालवतायत. एकेकाळी दुपारची बॅच गॅलरीपर्यंत जायची, आता जेमतेम सहा मुली येतात. आजूबाजूच्या चाळी रिडेव्हलपमेंटला गेल्या, जुन्या विद्यार्थिनी कुणी विरारला, कुणी बदलापूरला, आणि त्यातल्याच काहीजणी मागे लागल्यात की ताई, लाईव्ह या ना, आम्ही बघू. मुलाने लगेच यादी करून दिली, लॅपटॉप, कॅमेरा, दोन रिंगलाईट, माइक, ट्रायपॉड, सगळं मिळून ८० हजारांच्या घरात. ताई विचारतात, एफडी मोडू का? चाळीतल्या आवाजाचं काय करू? कुणी घाणेरड्या कमेंट टाकल्या तर? मराठीत बोलू की हिंदीत? यातून पैसे खरंच मिळतात का? आणि शेवटी, "कॅमेऱ्यासमोर मला बोलताच येणार नाही असं वाटतं."

ताई, एफडीला हात लावू नका. तुमच्या मुलाची यादी चुकीची नाहीये, फक्त ती दोन वर्षांनंतरची आहे, तेव्हा लागलीच तर बघू. आत्ता तुमच्याकडे जो फोन आहे तो पुरतो, आणि त्यावर हजार-दीड हजार खर्च केला तरी खूप झालं. पण खरेदीचं नंतर बोलू, कारण त्याच्या आधी एक प्रश्न आहे जो तुमच्या पत्रात कुठेच नाहीये, तो म्हणजे लाईव्हच का?

खरंच विचारतोय. कटिंग शिकवायला लाईव्ह हा मला तरी वाईट मार्ग वाटतो. बघा ना, तुम्ही ब्राऊन पेपरवर कटोरी ब्लाउजचं ड्राफ्टिंग, म्हणजे मापाची आखणी, करताय, तिकडे बदलापूरला ती बाई वही घेऊन बसलीय, तुम्ही म्हणालात छातीचा चौथा भाग अधिक अमुक, आणि नेमकी तेव्हाच तिच्या दाराची बेल वाजली. आली परत तोवर तुम्ही मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या जागेच्या, गोलाईवर. लाईव्ह व्हिडिओ मागे नेता येतो, नाही असं नाही, पण मग ती तुमच्या पाच मिनिटं मागे पडते, तिचा प्रश्न येईपर्यंत तुम्ही बाहीला लागलेल्या असता, आणि बाकीच्या सगळ्या गोंधळतात. ड्राफ्टिंग, कटिंग, अस्तर लावणं, ही कामं रेकॉर्ड करून टाका, दहा-बारा मिनिटांचे तुकडे, ज्याला पाहिजे तो थांबवून थांबवून बघेल, चुकलं तर तुम्ही परत शूट कराल.

लाईव्ह कशाला ठेवायचं, तर अडलेलं सोडवायला. गळा उघडा पडतोय, मुंढ्यात चुणी येतेय, कटोरी टोकदार दिसतेय, हुक लावले की मध्ये गॅप पडते, मागची पट्टी वर चढते. ही अशी दुखणी रेकॉर्डेड व्हिडिओत सुटत नाहीत कारण प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि तिथे तुमची वीस वर्षं कामाला येतात, कारण समोरचीने दोन वाक्यं लिहिली की तुम्हाला कळतं नेमकं कुठे चुकलंय ते. तुमच्या क्लासमध्येही मुली कटिंग बघायला कमी आणि उसवून आणलेला ब्लाउज दाखवायलाच जास्त येत असतील, पैज लावतो. तर आठवड्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाऊण तास, नाव काहीही द्या, पण त्यात फक्त अडलेले ब्लाउज. प्रश्न आणि फोटो आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर मागवून ठेवा, म्हणजे सुरुवातीलाच हातात तीन-चार केस असतात, समोर कुणी आलं नाही तरी तुम्ही रिकाम्या बसत नाही. आणि ज्या बाईचा फोटो दाखवणार तिला आधी विचारा, चेहरा कापा, ब्लाउजपुरताच ठेवा.

आता कुठून जायचं. तुमच्यासाठी यूट्यूब, आणि का ते सांगतो. इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये नियम केला की पब्लिक अकाउंट आणि किमान १,००० फॉलोअर असल्याशिवाय लाईव्हच जाता येत नाही, तिथे तुमचं गाडं सुरुवातीलाच अडतं. फेसबुकला प्रोफाईल किंवा पेज ६० दिवस जुनं पाहिजे आणि १०० फॉलोअर पाहिजेत, ते तुम्हाला जमेल, पण तिथलं लाईव्ह आता ३० दिवसांनी आपोआप उडतं, डाउनलोड करून ठेवलं नाही की गेलं. तुमचं काम असं आहे की आज सोडवलेली मुंढ्याची चुणी कुणीतरी पुढच्या वर्षी लग्नसराईत शोधणार आहे, मग ते एका महिन्यात पुसलं जाणाऱ्या जागी कशाला ठेवायचं? यूट्यूबवर १२ तासांच्या आतलं लाईव्ह संपलं की त्याचा व्हिडिओ चॅनलवर राहतो. संपल्यावर तो पब्लिक दिसतोय की प्रायव्हेट झालाय तेवढं एकदा बघून घ्यायचं.

यूट्यूबवर फोनवरून लाईव्ह जायला ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून जायला ही अट नाही, पण त्यासाठी लॅपटॉप नका घेऊ, जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, ५० होऊन जातील. चॅनल फोन नंबरने व्हेरिफाय करावं लागतं आणि पहिल्यांदा लाईव्ह चालू केलं की परवानगी यायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून शनिवारी चार वाजता जायचंय आणि शनिवारी साडेतीनला बटण दाबलं असं करू नका. अजून एक, २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना एकट्याने लाईव्ह करता येत नाही, तुमच्या क्लासमधली एखादी दहावीतली मुलगी फोन धरून बसणार असेल तर हे लक्षात असू द्या, कॅमेऱ्यासमोर तुम्ही पाहिजे. पैसे घेऊन सबस्क्रायबर वाढवून देतो म्हणणारे मेसेज येतील, ते सगळे खोटे आकडे असतात, यूट्यूब मागाहून काढून टाकतं, पैसे तेवढे गेले.

पहिली दोन-तीन लाईव्ह अनलिस्टेड करा. म्हणजे काय तर ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसतं, चॅनलवर दिसत नाही, सर्चमध्ये येत नाही. लिंक विरारच्या एखाद्या खमक्या विद्यार्थिनीला द्या, गोड बोलणारीला नको, आणि तिला सांगा की आवाज, उजेड, हात दिसतो की नाही, टेपवरचे आकडे वाचता येतात की नाही, हे सगळं लिहून पाठव. घरातल्या माणसाला बघायला लावू नका, तो त्याच वायफायवर बसून म्हणणार मस्त दिसतंय. एफडी मोडायची की नाही याचं उत्तर याच चाचणीत मिळतं, कारण तिची तक्रार कॅमेऱ्याबद्दल नसणारच, आवाजाबद्दल असेल.

म्हणून पहिले पैसे माइकवर. आम्ही लग्नांची, कार्यक्रमांची लाईव्ह करतो तिथे चित्र अधूनमधून धूसर झालं तर लोक बघत राहतात, आवाज फुटला की दोन मिनिटांत निघून जातात. पदराला लावायचा वायरवाला कॉलर माइक हजाराच्या आत मिळतो, लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानातच फोनला लावून ऐकून बघा, कारण नव्या बऱ्याच फोनना गोल पिनेचं भोक नसतं, टाईप-सी लागतो किंवा मध्ये जोडणी लागते, आणि दुकानदार सगळं चालतं म्हणतो. मनीष मार्केटमध्ये स्वस्त मिळेल पण परत बदलून द्यायला कोण जाणार. माइक पदरावर लावला की सिंथेटिक साडी दर हालचालीला खसखस करते, तो ब्लाउजच्या गळ्याशी आतून पिनेने लावा किंवा कॉटनची ओढणी घ्या. बोलण्यापासून वीतभर अंतर, बस.

चाळीच्या आवाजाचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. माइक तोंडाजवळ असला की गॅलरीतली भांडणं लांबून येतात, कुकरची शिट्टी झाली तर झाली, बघणारीच्या घरात पण होतेच. त्रास देणारे आवाज दोनच. एक तुमचं मशीन, मोटरचं असेल तर त्याचा आवाज माइकमध्ये तुमच्यापेक्षा मोठा येतो, म्हणून शिवताना बोलू नका, थांबून बोला, टाके दाखवायचे असतील तर गप्प बसून दाखवा, किंवा हाताने चाक फिरवून दाखवा, तसंही हळू शिवलेलंच कळतं. दुसरा डोक्यावरचा पंखा. तो बंद करा म्हणून सांगणं ऑक्टोबरात मुंबईच्या माणसाला शोभत नाही, तर निदान पंख्याच्या बरोबर खाली बसू नका, वारा थेट माइकवर आला की घरघर येते.

आणि एक आवाज असा आहे जो तुम्हाला त्रास देणार नाही पण यूट्यूबला देईल, तो म्हणजे गाणी. शेजारच्या टीव्हीवर सिनेमाचं गाणं लागलं, तुमच्या मोबाईलवर रेडिओ चालू राहिला, गल्लीत मंडपात रेकॉर्डेड आरती लागली, हे सगळं यूट्यूबची यंत्रणा लाईव्ह चालू असतानाच ओळखते आणि आधी सूचना देते, नाही ऐकलं तर लाईव्ह बंद पण पडू शकतं. आरती परंपरेची असली तरी कुणीतरी गाऊन काढलेलं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं असतं. तुमची वेळ ठरवताना शेजारच्या टीव्हीची वेळ बघा, मी तर म्हणेन दुपारी तीन ते चार, जेवणं उरकलेली, मुलं शाळेत किंवा क्लासला, मालिका सुरू व्हायच्यात. गणपतीच्या दिवसांत मात्र सुट्टी जाहीर करा. लालबाग-काळाचौकीत त्या दिवसांत जी गर्दी लोटते त्यात मोबाईलचं नेटवर्क कसं होतं हे मी तुम्हाला काय सांगायचं, आणि बाहेर ढोल. त्याच्या आधीचे तीन आठवडे जास्त महत्त्वाचे, गौरीसाठी ब्लाउज शिवायला घेतलेले असतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा या.

नेटचं बघू. स्पीड टेस्ट करताना सगळे डाउनलोडचा आकडा बघतात, तुम्हाला बघायचाय अपलोडचा, कारण तुम्ही चित्र पाठवताय, बघत नाही आहात. ७२० च्या क्वालिटीला साधारण ४ एमबीपीएस धरा, आणि त्याच्या दुप्पट तरी अपलोड पाहिजे, म्हणजे ८ च्या आसपास, ते पण ज्या वेळी लाईव्ह जाणार त्याच वेळी, चार-पाच वेगवेगळ्या दिवशी तपासून. रात्री नऊला अख्खी चाळ एकाच केबलवाल्याच्या लाईनवर मोबाईल बघत असते तेव्हा आकडा वेगळा येतो. ४ एमबीपीएसने तासाभरात जवळपास १.८ जीबी जातात, म्हणजे रोजच्या २ जीबीच्या पॅकवर तुमचा त्या दिवसाचा डेटा संपल्यातच जमा, आणि दीड जीबीचा पॅक असेल तर मध्येच अडकणार. वायफाय असेल तर राउटरजवळ बसा, आणि राउटरवर दोन नावं दिसत असतील तर ५ जी लिहिलेलं घ्या, ते जवळून वेगवान चालतं, भिंतीपलीकडे मात्र लगेच ढेपाळतं. १०८० चा हट्ट नको, अडकत अडकत चालणाऱ्या १०८० पेक्षा सरळ चालणारं ७२० बरं.

लाईट जाण्याची तुम्हाला भीती वाटत असेल तर शहरात बेस्टची लाईट सहसा जात नाही, १२ ऑक्टोबर २०२० सारखा अख्खी मुंबई अंधारात जाण्याचा दिवस क्वचित. जास्त धोका घरच्या माणसाचा, इस्त्री लावायला राउटरचा प्लग काढणारा कुणीतरी प्रत्येक घरात असतो. त्या प्लगवर चिकटपट्टी लावा. फोन आला की लाईव्ह अडखळतं, म्हणून फोन फ्लाईट मोडवर टाकून वायफाय तेवढं चालू करा, त्याने नोटिफिकेशन थांबत नाहीत, ती वायफायवरून येतच राहतात, म्हणून डू नॉट डिस्टर्ब पण लावा. चार्जर लावून तासभर लाईव्ह केलं की फोन तापतो, कव्हर काढून ठेवा, सुरू करायच्या आधीच पूर्ण चार्ज करा.

कॅमेरा कुठे लावायचा हा भाग मला सगळ्यात आवडता आहे, कारण इथे शिवणाऱ्या माणसाचं सगळं वेगळं असतं. तुमचा चेहरा फार वेळ नकोच आहे, सुरुवातीला नमस्कार करताना दिसलात तरी पुरे, पुढे सगळं लक्ष हातावर. फोन वरून खाली बघणारा पाहिजे. वाकणारा क्लॅम्प होल्डर मिळतो त्यासाठी, पण तो कटिंगच्या टेबलाला लावू नका, कात्री चालवली की टेबल हलतं, टेबल हललं की होल्डर डोलतो, बघणारीला गरगरायला लागतं. खिडकीच्या गजाला किंवा कपाटाला लावा. जमिनीवर बसून कापत असाल तर अजून सोपं, दोन खुर्च्यांवर एक फळी आडवी टाका आणि फोन फळीच्या कडेला अर्धा बाहेर, वर वजन ठेवून. वजन चांगलं ठेवा, नाहीतर फोन थेट कात्रीवर.

मागचा कॅमेरा वापरा. एक तर तो चांगला असतो, आणि पुढच्या कॅमेऱ्यात काही ॲपमध्ये चित्र आरशासारखं उलटं दिसतं. बोलणाऱ्या माणसाला फरक पडत नाही, पण तुमच्याकडे हुकपट्टी कुठल्या बाजूला आणि काजपट्टी कुठल्या बाजूला हाच प्रश्न असताना चित्र उलटं गेलं तर पन्नास बायका उलट्या पट्ट्या लावून बसतील. कागदावर मोठ्या अक्षरात "डावी" लिहा, अनलिस्टेड लाईव्हमध्ये दाखवा, पलीकडून सरळ वाचता आलं की झालं. फोन आडवा ठेवायचा हे सुरू करायच्या आधीच ठरवा, मध्येच फिरवू नका.

पांढऱ्या अस्तरावर पांढऱ्या खडूने मार्किंग करून दाखवायला जाऊ नका, कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही. गडद कापड, पांढरा खडू. कागदावर असेल तर ब्राऊन पेपर आणि काळा जाड स्केचपेन. टेपवर बोट ठेवून आकडा तोंडाने पण बोला. मंगलदास मार्केटमधून प्लेन गडद रंगाचे दोन-तीन ब्लाउजपीस आणून ठेवा, डिझाईनचं कापड लाईव्हला नको, त्यात टक्स, म्हणजे आकारासाठी घातलेल्या घड्या, हरवतात. उजेडासाठी रिंगलाईट नका घेऊ, तो तोंडासाठी असतो, वरून हातावर लावला तर तुमच्याच डोक्याची सावली पडते. दोन बाजूंनी दोन साधे टेबललॅम्प, किंवा एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला लॅम्प. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका, ते ट्यूबलाईटमुळे होतं, फोनच्या सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा ५० हर्ट्झ असं काही सापडलं तर ते निवडा, नाहीतर ती ट्यूब बंद करून दुसरा दिवा लावा.

बोलता येणार नाही म्हणता, अहो तुम्ही वीस वर्षं मुलींच्या डोक्यावर उभ्या राहून बोलतायच की. अवघड काय होतं तर समोर माणूस नसतो, मान हलत नाही. त्यासाठी दोन मुली क्लासमधल्याच समोर बसवा, त्यांच्याशी बोला, फोनशी बोलूच नका. सुरुवातीला कुणीही आलेलं नसताना "आवाज येतोय का, दिसतंय का" करत सात मिनिटं घालवू नका, मागाहून बघणारीला तेच पहिलं दिसतं आणि ती निघून जाते (तो भाग नंतर कापता येतो, पण कापायला कोण बसणार). हातात ब्लाउज घ्या, म्हणा आज हा मुंढा बघू, आणि लागा कामाला, लोक येत राहतात. आणि हे माहीत असू द्या की तुम्ही बोललेलं त्यांच्यापर्यंत जायला काही सेकंद लागतात, सेटिंगप्रमाणे पाचपासून अगदी तीस सेकंदांपर्यंत, म्हणून तुम्ही प्रश्न विचारलात आणि लगेच उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांनी तो प्रश्न अजून ऐकलेलाच नाही. सेटिंगमध्ये लो लेटन्सी, म्हणजे कमी उशीर, असं दिसलं तर ते लावा. कुणाचा प्रश्न घेतलात की आधी मोठ्याने वाचा आणि मग उत्तर द्या.

आता कमेंटचं, आणि इथे मी थोडं कडक बोलणार आहे. घाणेरड्या कमेंट येतील, ब्लाउज म्हटलं की येतातच, टाळता येत नाही पण तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचू नयेत एवढं करता येतं. तुमच्या मुलाला किंवा एखाद्या जुन्या विद्यार्थिनीला मॉडरेटर करा, लाईव्ह चालू असताना तिचं काम फक्त चॅट बघणं, घाण दिसली की काढ, माणूस लपव, उत्तर देत बसायचं नाही. यूट्यूबमध्ये शब्दांची यादी टाकता येते, ते शब्द असलेल्या कमेंट दिसतच नाहीत, ती यादी मुलाला करायला सांगा, मराठी, हिंदी, आणि इंग्रजी अक्षरात लिहिलेल्या शिव्यासुद्धा, त्याला सगळ्या येत असतील, विचारू नका कुठून. स्लो मोड लावला की एक माणूस धडाधड दहा कमेंट टाकू शकत नाही, आणि फारच झालं तर फक्त सबस्क्रायबरनाच लिहिता येईल असं करता येतं. तुम्ही स्वतः चॅट वाचू नका, तिने निवडून दिलेले प्रश्न वाचा.

पण याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. बायका विश्वासाने लिहितात, ताई माझी छाती ३६, कंबर अमुक, मला मुंढा किती घेऊ. नावासकट, फोटोसकट, सगळ्या जगासमोर. तुमच्या खोलीत ते माप चार बायकांत राहायचं, इथे ते कायमचं राहतं. पहिल्याच लाईव्हला नियम सांगा, चॅटमध्ये स्वतःचं माप लिहायचं नाही, आणि कुणी लिहिलंच तर मॉडरेटरने लगेच काढायचं. त्याऐवजी तुम्ही एक माप-चार्ट करा, ओळींना नंबर द्या, १ ते १०, म्हणजे बाई लिहील "चार नंबर, गळा उघडा पडतोय" आणि तुम्हाला सगळं कळेल. हे केलंत ना, तर बायका तुमच्याकडे टिकतील.

पैशाचं विचारलंत, तर यूट्यूबकडून लवकर काही येणार नाही असं धरून चाला. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि १२ महिन्यांत ३,००० तास बघितलं गेलं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना ३० लाख व्ह्यूज) की सुपरचॅट वगैरे सुरू होतं, म्हणजे बघणारे पैसे पाठवू शकतात, त्यातले ७० टक्के तुमचे. जाहिरातींचे पैसे १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तासांनंतर. आता हिशेब करा, दर आठवड्याला १०० बायकांनी अर्धा अर्धा तास बघितलं तरी वर्षाचे होतात २,६०० तास. आणि खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत हातात काही येत नाही. तुमचे पैसे दुसरीकडे आहेत. हे फुकटचं लाईव्ह बघून ज्या बायकांना वाटेल की ही बाई शिकवते चांगलं, त्यांची आठ-दहा जणींची फी भरून बॅच घ्या, आणि ती यूट्यूबवर नको, अनलिस्टेड लिंक एकीने घेतली की दहा जणींना जाते. गुगल मीटवर घ्या, फुकटच्या खात्यात तिघं किंवा जास्त असले तर एक तास मिळतो, झूमवर ४० मिनिटं. तिथे त्या तुम्हाला दिसतात, तुम्ही म्हणू शकता कॅमेऱ्यासमोर धर बघू तो मुंढा, आणि चूक तिथल्या तिथे पकडता येते. फी यूपीआयने आधी घ्या, बॅच सुरू झाल्यावर नको, एवढं तर तुम्हाला क्लासच्या अनुभवाने माहीतच आहे. मुलाच्या यादीतला लॅपटॉप या बॅचच्या पैशातून घ्या, मोठ्या स्क्रीनवर दहा जणी नीट दिसतात. मग ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याने हातावरचा एक आणि चेहऱ्यावरचा एक असे दोन फोन एकाच चित्रात जोडता येतात, ते मुलाला शिकू दे.

मराठी की हिंदी? मराठी. हिंदीत ब्लाउज शिकवणारे खंडीभर आहेत आणि तुम्ही हिंदीत बोलायला लागलात की "मुंढ्यात चुणी येतेय" हे वाक्य तुम्हाला जमवून जमवून बोलावं लागेल, त्यापेक्षा जसं क्लासमध्ये बोलता तसंच बोला, बदलापूरची आणि सांगलीची दोघी समजतील. शीर्षकात मात्र लोक शोधताना जे टाकतात तेच शब्द टाका, कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, गळा उघडा पडतो उपाय, असं सरळ. "शिवणकला भाग ७" कुणीच शोधत नाही.

घराचा पत्ता आणि रोजचा फोन नंबर चॅनलवर टाकू नका, दुसरं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा, ऑर्डर आणि फी तिकडेच. गुगल खात्याला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर अजून एकदा खात्री करणारं कुलूप, लावून घ्या, आणि यूट्यूबच्या नावाने चॅनल बंद होणार म्हणून लिंक आली तर उघडू नका, मुलाला दाखवा. पहिल्या अनलिस्टेड लाईव्हनंतर विरारच्या त्या बाईने काय काय लिहून पाठवलं ते मला कळवा.